विकास कसा मोजायचा: नागपूर जिल्हा समोर ठेवून केलेली सुरुवात

माझ्याकडे शनिवारी संध्याकाळी आठ-दहा मुलं येतात. कुणी समाजकार्य शिकतंय, कुणी स्पर्धा परीक्षेची तयारी करतंय, एकजण गावच्या ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. मागच्या हिवाळ्यात मी फळ्यावर महाराष्ट्र मानव विकास अहवाल २०१२ मधले जिल्ह्यांच्या मानव विकास निर्देशांकाचे आकडे लिहिले (० ते १ ची पट्टी, जितका जास्त तितकं बरं): मुंबई ०.८४१, पुणे ०.८१४, ठाणे ०.८००, नागपूर ०.७८६. खाली गडचिरोली ०.६०८ आणि नंदुरबार ०.६०४. कुही तालुक्यातली एक मुलगी बराच वेळ फळ्याकडे बघत होती. मग म्हणाली, “सर, जिल्हा चौथा आहे, तं आमच्या गावाले उन्हाळ्यात टँकर काहून येते?”

तिचा प्रश्न बरोबर होता आणि फळ्यावरचा आकडाही बरोबर होता. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, हे ज्याला नीट सांगता आलं, त्याला विकास मोजण्याचं निम्मं काम जमलं असं मी मानतो. या विषयात नव्यानं येणाऱ्यांसाठी, म्हणजे विद्यार्थी, तरुण पत्रकार, सरपंच, संस्थांमध्ये नुकतेच लागलेले कार्यकर्ते यांच्यासाठी, ते काम मी इथं पायरी-पायरीनं मांडतो. पायऱ्या खाली उतरणाऱ्या आहेत: देशाकडून जिल्ह्याकडे, जिल्ह्याकडून गावाकडे, आणि गावाकडून एका घराच्या चुलीपर्यंत.

पायरी १: आकडा दिसला की आधी तीन गोष्टी विचारा

कोणाचा? कशानं भागलेला? कधीचा?

२०११च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्याची साक्षरता ८८.३९ टक्के आहे. कोणाची? सात वर्षं आणि त्यावरच्या माणसांची. त्याहून लहान मुलं या हिशोबात येतच नाहीत. कशानं भागली? जिल्ह्याच्या ४६ लाख ५३ हजार ५७० लोकसंख्येपैकी सात वर्षांवरच्यांनी. यातली ६८ टक्क्यांच्या आसपास माणसं शहरी भागातली आहेत, एकट्या नागपूर शहरात २४ लाख. म्हणजे जिल्ह्याची कोणतीही सरासरी काढली की ती शहरातल्या सीताबर्डी आणि धरमपेठेकडे झुकणार. कुही, भिवापूर, पारशिवनी या ग्रामीण तालुक्यांचा आवाज त्यात बारीक येणार. कुहीच्या त्या मुलीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथं आहे.

आणि कधीचा? २०११चा. २०२१ची जनगणना झालीच नाही, पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर ‘दरडोई’ म्हणून जे जे छापून येतं, त्याचा भाजक हा अंदाजाची लोकसंख्या आहे, मोजलेली नव्हे. याचा अर्थ आकडा टाकून द्या असा नाही. वापरताना वर्ष लिहा, एवढंच.

दोन शब्दही इथंच वेगळे करून ठेवा. अर्भक मृत्युदर, साक्षरता, नळाचं पाणी असलेली घरं, हे झाले निर्देशक. असे अनेक निर्देशक ठरावीक रीतीनं एकत्र करून जो एक आकडा काढतात तो निर्देशांक. निर्देशक एक गोष्ट सांगतो. निर्देशांकात मात्र कुणीतरी आधी ठरवलेलं असतं की कोणत्या गोष्टीला किती वजन द्यायचं. म्हणून निर्देशांक वाचताना तो कसा बांधला, हे वाचणं भागच आहे.

पायरी २: उत्पन्न समजून घ्या, पण त्याच्याकडून जास्त मागू नका

जिल्ह्याच्या हद्दीत वर्षभरात तयार झालेल्या वस्तू आणि सेवांचं मूल्य, मधल्या टप्प्यावर वापरलेल्या वस्तूंची किंमत वजा करून, म्हणजे स्थूल जिल्हा उत्पन्न. हेच राज्याचं केलं की स्थूल राज्य उत्पन्न आणि देशाचं केलं की ज्याला आपण जीडीपी म्हणतो ते. राज्यात हे काम अर्थ व सांख्यिकी संचालनालय करतं आणि दर वर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ प्रसिद्ध होते. तिची मराठी प्रत सहज मिळते. नवख्या माणसानं पहिला आठवडा तिच्यावरच घालवावा.

वाढ वाचताना किमतीचा खेळ आधी ओळखा. समजा काटोलच्या एका बागायतदाराचा मागच्या वर्षी १० टन संत्रा झाला आणि टनाला २५ हजार रुपये मिळाले. हाती आले अडीच लाख. यंदा गळ झाली, ९ टनच निघाला, पण भाव ३० हजार मिळाला. हाती दोन लाख सत्तर हजार. चालू किमतींनुसार तो ८ टक्क्यांनी वाढला. मागच्याच वर्षीच्या भावानं मोजलं तर सव्वादोन लाख, म्हणजे १० टक्क्यांनी घटला. दुसरी रीत स्थिर किमतींची. दोन वर्षांची तुलना करताना दोन्ही आकडे स्थिर किमतींचे आहेत का, हे न बघता बातमी लिहू नका.

त्याहून महत्त्वाची गोष्ट ‘दरडोई’ या शब्दात लपलेली आहे. एका गल्लीत दहा घरं. नऊ घरांचं वर्षाचं उत्पन्न लाखभर, दहाव्याचं ४१ लाख. एकूण ५० लाख, सरासरी ५ लाख. त्या गल्लीत पाच लाख मिळवणारं एकही घर नाही. म्हणून सरासरीच्या शेजारी मध्यका मागा: सगळी घरं उत्पन्नाच्या क्रमानं लावली की मधोमध येणारा आकडा. इथं तो एक लाख आहे.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोम आहे. उमरेड, सावनेर भागात कोळशाच्या खाणी आहेत, कोराडी आणि खापरखेड्याला औष्णिक वीज केंद्रं आहेत. कोळसा आणि वीज जिल्ह्यात तयार होतात म्हणून त्यांचं मूल्य जिल्ह्याच्या उत्पन्नात धरलं जातं. पण त्या कमाईतला किती हिस्सा खाणीशेजारच्या गावातल्या माणसांच्या खिशात येतो, हे जिल्हा उत्पन्न सांगत नाही. उत्पादन कुठं झालं आणि उत्पन्न कुणाला मिळालं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. देशपातळीवर यासाठीच ‘देशांतर्गत उत्पादन’ आणि ‘राष्ट्रीय उत्पन्न’ असे दोन हिशोब ठेवतात. आणि शेतात, छपरावर, विहिरीत बसणारी राख? वीज तयार झाली ती जमेला येते; राखेनं झालेलं नुकसान कुठंच वजा होत नाही.

घरातलं बाईचं कामही तसंच बाहेर राहतं. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनमोबदल्याच्या घरकामात घालवतात असं आढळलं. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८ मिनिटं. हीच पोळी खानावळीत लाटली तर राष्ट्रीय उत्पन्नात येते, स्वतःच्या घरी लाटली तर येत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशोब पहिल्यांदा नीट बसवणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्येच बजावलं होतं की या आकड्यावरून देशाच्या कल्याणाचा अंदाज बांधता येणार नाही. ज्यानं माप तयार केलं त्यानंच त्याची मर्यादा सांगितली, हे मला फार मोलाचं वाटतं.

पायरी ३: मानव विकास निर्देशांक स्वतःच्या हातानं काढा

१९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं पहिला मानव विकास अहवाल काढला. त्यामागे पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक होते आणि त्यांच्या सोबतीला अमर्त्य सेन. कल्पना साधी होती: माणूस किती जगतो, किती शिकतो आणि त्याच्या हाती जगायला किती साधनं आहेत, या तिन्हीकडे एकत्र बघायचं.

हा निर्देशांक नुसता पाठ करणारे खूप भेटतात, म्हणून माझ्या मुलांना मी तो मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काढायला लावतो. २०२५च्या अहवालात भारताचे २०२३चे आकडे असे आहेत: जन्मावेळचं अपेक्षित आयुर्मान ७२ वर्षं, अपेक्षित शालेय वर्षं १३, सरासरी शालेय वर्षं ६.९ आणि क्रयशक्तीनुसार, म्हणजे देशादेशांतल्या किमतींचा फरक काढून टाकून, दरडोई स्थूल राष्ट्रीय उत्पन्न ९,०४७ डॉलर.

आधी प्रत्येकाला ० ते १ च्या पट्टीवर बसवायचं. पट्टीची दोन टोकं ठरलेली आहेत.

आयुर्मानाची टोकं २० आणि ८५. (७२ − २०) ÷ (८५ − २०) = ५२ ÷ ६५ = ०.८००.

शिक्षणाचे दोन भाग. अपेक्षित वर्षं म्हणजे आज शाळेत जाऊ लागलेलं मूल, आत्ताची पटनोंदणी तशीच राहिली तर किती वर्षं शिकेल, कमाल १८. सरासरी वर्षं म्हणजे २५ वर्षांवरची माणसं प्रत्यक्षात किती शिकली, कमाल १५. १३ ÷ १८ = ०.७२२ आणि ६.९ ÷ १५ = ०.४६०. दोन्हींची सरासरी ०.५९१. या दोन आकड्यांमधलं अंतर बघून थांबा जरा. एक आकडा नातीचा आहे आणि दुसरा आजीचा.

उत्पन्नाची टोकं १०० आणि ७५,००० डॉलर, पण इथं आकड्यांऐवजी त्यांचे लॉग (लॉगॅरिदम, कॅल्क्युलेटरवरचं ‘log’ बटण) घ्यायचे. कारण दहा हजारांत भागवणाऱ्या घरात पाच हजार जास्तीचे आले तर पोरांच्या ताटात फरक पडतो. लाखावर कमावणाऱ्याला ते जाणवतही नाहीत. लॉग हे नेमकं पकडतो. ९,०४७ ला १०० नं भागा: ९०.४७, त्याचा लॉग १.९५६. ७५,००० ला १०० नं भागा: ७५०, त्याचा लॉग २.८७५. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की ०.६८०.

आता तिघांचा गुणाकार: ०.८०० × ०.५९१ × ०.६८० = ०.३२१५. त्याचं घनमूळ ०.६८५. अहवालात भारतापुढे हाच आकडा छापलेला आहे, १९३ देशांत १३०वा क्रमांक. पहिल्यांदा हे उत्तर जुळलं तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही. आपण वाचतो ते आकाशातून पडत नाही, हिशोबानं येतं, हे त्या दिवशी त्यांना कळलं.

बेरीज करून तीननं का भागत नाहीत? २०१०च्या अहवालाआधी तसंच करत होते. ०.९, ०.६ आणि ०.३ यांची साधी सरासरी ०.६ येते, आणि ०.६, ०.६, ०.६ यांचीही तितकीच. गुणाकार करून घनमूळ काढलं तर पहिल्याचं ०.५४५ होतं, दुसऱ्याचं ०.६ राहतं. पैशानं शाळेची उणीव पूर्ण भरून निघत नाही, हे गणितात बसवायचं होतं म्हणून रीत बदलली.

आता एक खबरदारी. भारताचे ०.६८५ आणि वरच्या फळ्यावरचं नागपूरचं ०.७८६ शेजारी ठेवून ‘नागपूर देशाच्या पुढे’ असं लिहू नका. राज्याच्या २०१२च्या अहवालाची रीत वेगळी, निर्देशक वेगळे, वर्ष वेगळं. त्या अहवालातले जिल्हे आपापसांत पडताळता येतात, तेवढंच. स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्येही ही चूक मला वारंवार दिसते.

त्याच कोष्टकात नागपूर आणि गडचिरोली यांच्यामधलं अंतर मात्र खरं आहे, आणि एसटीनं ते जेमतेम चार-साडेचार तासांचं आहे. नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या आवारात रात्री पथारी टाकून बसलेल्या नातेवाइकांना गाव विचारा. ते अंतर तुम्हाला आकड्यांशिवायही समजेल. गडचिरोली हा केंद्राच्या २०१८ मधल्या आकांक्षित, म्हणजे मागे राहिले म्हणून खास लक्ष देण्यासाठी निवडलेल्या, जिल्ह्यांपैकी एक आहे, आणि राज्याच्या मानव विकास मिशनच्या निळ्या एसटी बसमधून तिथल्या मुली शाळेत जातात. निर्देशांकातल्या ‘अपेक्षित शालेय वर्षं’ या तीन शब्दांमागे अशी एक बस असते.

पायरी ४: आपल्याकडचा शब्द विसरू नका — अनुशेष

विकास मोजण्याची भाषा आपल्याकडे न्यूयॉर्कहून आली असं समजू नका. विदर्भात घराघरात माहीत असलेला ‘अनुशेष’ हा शब्द मोजमापाचाच आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात प्रदेशांमध्ये समतोल ठेवण्याचं वचन होतं. पुढं राज्यघटनेच्या ३७१(२) कलमात विकास मंडळांची तरतूद आली. पण कोण किती मागे आहे, हे मोजल्याशिवाय वचन पाळलं की मोडलं हे ठरणार कसं? १९८३ मध्ये राज्य सरकारनं अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हेच दांडेकर, ज्यांनी नीलकंठ रथ यांच्यासोबत १९७१ मध्ये रोजच्या २,२५० उष्मांकांवर दारिद्र्यरेषा आखली होती.

समितीची रीत समजून घेण्यासारखी आहे. सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची, जो जिल्हा तिच्या खाली असेल त्याला सरासरीपर्यंत आणायला किती खर्च येईल ते मांडायचं, आणि तो झाला त्याचा अनुशेष. १९८४च्या अहवालात एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये निघाला. त्यात विदर्भाचा १,२४६.५५ कोटी, म्हणजे ३९ टक्के. मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९.३८ कोटी. शेवटचा आकडाही लक्षात ठेवा. मागासलेपण एकट्या विदर्भाचं नव्हतं, कोकणातल्या जिल्ह्यांचंही होतं.

विदर्भाचा माणूस म्हणून या अहवालाबद्दल मला आदर आहे. तरी त्याची एक मर्यादा शिकताना समजून घ्यायला हवी: तो सोयी आणि त्यांचा खर्च मोजतो, माणसाला काय मिळालं ते मोजत नाही. गोसीखुर्द प्रकल्प बघा. १९८३ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा खर्च ३७२ कोटींचा होता, २०१६च्या सुधारित मान्यतेत तो १८ हजार ४९४ कोटींवर गेला. अडीच लाख हेक्टर सिंचनाचं उद्दिष्ट. इथं खर्च हा विकासाचा निर्देशक धरला तर विदर्भ खूप पुढे गेला असं निघेल. निधी, बांधलेला कालवा, प्रत्यक्ष भिजलेलं शेत आणि त्या शेतकऱ्याचं वाढलेलं उत्पन्न, हे चार वेगवेगळे टप्पे आहेत. कोणत्याही योजनेचा अहवाल हातात आला की प्रत्येक आकड्यासमोर पेन्सिलीनं लिहा, हा यातला कितवा टप्पा आहे. बहुतेक आकडे पहिल्या दोनमध्ये अडकलेले सापडतील.

दुसरी मर्यादा जिल्हा हा घटक धरण्याची. नंतरच्या विजय केळकर समितीपुढे तालुका पातळीवरचा असमतोल होता, आणि हे पाऊल योग्य दिशेनं होतं. आपल्याला त्याहूनही खाली जायचं आहे.

पायरी ५: एका घराचं दारिद्र्य मोजा

बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक मला नवख्यांसाठी सगळ्यात उपयोगी वाटतो, कारण तो घरापासून सुरू होतो. नीती आयोगाच्या राष्ट्रीय निर्देशांकात बारा निर्देशक आहेत. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान या तिघांना एक-एक तृतीयांश वजन.

आरोग्यात पोषण एक षष्ठांश, बालमृत्यू आणि मातांचं आरोग्य प्रत्येकी एक द्वादशांश. शिक्षणात दोन: घरात दहा वर्षांवरचं कुणीच सहा वर्षं शाळा शिकलेलं नाही, आणि शाळेच्या वयाचं मूल शाळेत जात नाही, प्रत्येकी एक षष्ठांश. राहणीमानात स्वयंपाकाचं इंधन, शौचालय, पिण्याचं पाणी, वीज, घर, मालमत्ता आणि बँक खातं, प्रत्येकी एक एकविसांश. पाण्याची अट नीट वाचा: सुरक्षित पाणी घरापासून जाऊन-येऊन अर्ध्या तासाच्या चालीवर असेल, तर ते घर पाण्यापासून वंचितच धरतात.

उणिवांची बेरीज एक तृतीयांश किंवा जास्त झाली की ते घर गरीब. समजा, एका घरात कुणीच सहावीपर्यंत पोचलेलं नाही, चूल पऱ्हाट्यांवर पेटते, घर मातीचं, शौचालय नाही, आणि मालमत्तेत एक मोबाइल सोडून काही नाही. ०.१६७ अधिक चार एकविसांश, म्हणजे ०.१९०, बेरीज ०.३५७. गरीब. आता याच घरात शौचालय बांधलं. बेरीज ०.३१० वर आली आणि घर यादीतून बाहेर पडलं. त्या घरात बदल झाला हे खरं, पण बाकीच्या चार उणिवा जागेवरच आहेत. म्हणून नुसतं ‘किती जण बाहेर पडले’ यावर थांबायचं नाही. गरिबांचं प्रमाण आणि त्यांच्या उणिवांची सरासरी तीव्रता यांचा गुणाकार करतात. शंभर माणसांच्या वस्तीत वीस गरीब आणि तीव्रता ४५ टक्के, तर निर्देशांक ०.२० × ०.४५ = ०.०९.

देशात गरिबांचं हे प्रमाण २०१५-१६ मधल्या २४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आलं. दोन्ही वेळची माहिती राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची. त्याच सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली, आधीच्या फेरीत ती ३४.४ होती. राज्याचं उत्पन्न वाढत असताना मुलांची उंची जागच्या जागी राहिली. उत्पन्नाच्या आकड्याशेजारी हा आकडा लिहिल्याशिवाय महाराष्ट्राच्या विकासावर बोलू नये, असं माझं ठाम मत आहे. या सर्वेक्षणाची जिल्हानिहाय पत्रकं उपलब्ध आहेत. नागपूरचं पत्रक छापून भिंतीवर लावा.

पायरी ६: आता स्वतः जा

वह्या-पेन घेऊन निघण्याआधी जे आधीच मोजलेलं आहे ते गोळा करा. जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’, जनगणनेची जिल्हा पुस्तिका, शाळांसाठी यू-डायस आणि गावातल्या सोयींसाठी मिशन अंत्योदय या सरकारी नोंदी. अंगणवाडी सेविकेकडे प्रत्येक मुलाचं वजन-उंची असते. सॅम (तीव्र कुपोषित) आणि मॅम (मध्यम कुपोषित) मुलं किती, हे ती तोंडपाठ सांगेल. मुलांची वजनं तुम्ही स्वतः करत बसू नका, तिच्या नोंदी तिच्याशेजारी बसून समजून घ्या.

मग एक वस्ती निवडा, साठ ते शंभर घरांची. सुरुवात गावाच्या टोकाकडून करा. चौकातून सुरुवात केली की संध्याकाळपर्यंत पक्की घरंच होतात आणि पारधी बेडा (पारध्यांची वस्ती), वीटभट्टीवरच्या झोपड्या, पाटाकडेची चार घरं ‘उद्या बघू’ म्हणून राहून जातात. ज्यांच्यासाठी मोजमाप करायचं तीच घरं सुटतात. एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब, ही व्याख्या धरा. एकाच छपराखाली दोन चुली असतील तर दोन अर्ज भरा.

घरात कुणाला विचारायचं हेही ठरवा. पाणी, इंधन, मुलांचं आजारपण हे बाईला विचारा. कापूस वेचणीच्या दिवसांत ती अंधार पडल्याशिवाय घरी येत नाही, दुपारी गेलात तर ओट्यावरचा म्हातारा उत्तरं देईल आणि ती निम्मी अंदाजाची असतील.

प्रश्न कसे विचारावेत, हे मी चूक करून शिकलो. पहिल्या पाहणीत आम्ही विचारलं होतं, “शौचालय आहे का?” जवळजवळ सगळ्यांनी “आहे” सांगितलं. परतताना पाणी प्यायला एका अंगणात थांबलो, तर शौचालयात तुराट्या रचलेल्या. दुसऱ्या दिवशी अख्खी वस्ती पुन्हा केली. तेव्हापासून आम्ही विचारतो, “आज सकाळी घरातलं कोण कोण कुठं गेलं?” गॅस आहे का, असं न विचारता “मागचा सिलिंडर केव्हा भरला?” असं विचारतो. मूल शाळेत आहे का, याऐवजी “मागच्या आठवड्यात किती दिवस गेलं?” हो-नाहीचा प्रश्न माणसाला लाजवतो, आणि लाजलेला माणूस तुम्हाला बरं वाटेल ते सांगतो.

नाव लिहू नका, घराला क्रमांक द्या. नाही म्हटलं तर नमस्कार करून पुढं जा, पण किती घरांनी नाही म्हटलं ते नोंदवा.

लहान आकड्यांना जपा. वस्तीत वर्षाला वीस जन्म आणि एक अर्भक दगावलं, तर दर हजारी ५०. पुढच्या वर्षी एकही नाही, तर शून्य. दोन्ही आकडे फसवे आहेत. अशा गोष्टी एका वस्तीत, एका वर्षात मोजता येत नाहीत. बरीच गावं आणि बरीच वर्षं जोडावी लागतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं नेमकं तेच केलं. गावोगावी प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवत राहिले, नवजात बाळं घरातच कशानं दगावतात हे त्या नोंदींतून दिसलं, आणि गावातल्याच बायकांना घरी जाऊन बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. घरी जाऊन नवजात बाळ तपासणारी आशाताई आज देशभर दिसते, तिच्या कामामागे त्या नोंदवह्या आहेत.

माहिती जमली की एकूण बेरजेवर थांबू नका. तीच कोष्टकं बाईमाणसाची वेगळी, भूमिहीनांची वेगळी, बेड्याची वेगळी काढा. आणि आधी वस्तीत वाचून दाखवा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते, ती जागा उत्तम. चूक असेल तर बायका तिथंच सांगतात, “ते घर आता एक राह्यलं नाही, दिवाळीतच वेगळे झाले.”

कुहीच्या त्या मुलीनं स्वतःच्या गावात हे डिसेंबरात केलं. नळ होता, नळाला पाणी होतं, पाण्याच्या रकान्यात एकही घर वंचित आलं नाही. वही घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा गोंधळलेली होती, टँकरचं तर तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. आम्ही पाण्याचा रकाना दोन भागांत केला, हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याचा, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात ती त्याच घरांमध्ये पुन्हा गेली. या खेपेला हातात घड्याळ होतं. हंडा घेऊन निघालेल्या बाईसोबत ती हातपंपापर्यंत चालली, रांगेत उभी राहिली, आणि हंडा घरात टेकला तेव्हाची वेळ तिनं लिहून घेतली.